सुळक्यावरचा चौथा

श्रीवर्धन, जि. रायगड
३ फेब्रुवारी २०२४

चित्राताईंस,

हमीद परकार याचा सलाम आणि नमस्कार.

मी रेहानचा बाप. आपली भेट कधी झाली नाही, पण रेहानच्या पत्रांतून तुमचं नाव मला पाठ झालं आहे. कुवेतमधल्या जाब्रियाच्या चित्राताई, रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये असतात, शुक्रवारी फिरायला जाताना सगळ्यांसाठी थालीपीठं आणतात. एवढ्या ओळखीवर लिहितो आहे, राग मानू नये.

सहा वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. फोन माझ्या उपयोगाचा नाही. घरात एक पाटी ठेवली आहे. सून फरजाना आणि नात मारिया पाटीवर लिहितात, मी तोंडाने उत्तर देतो. मोबाइल सुनेकडे असतो आणि हे तिने वाचावं असं मला वाटत नाही, म्हणून कागदावर लिहून काशिफच्या हाती देतो आहे. काशिफ रेहानचा खोलीतला सोबती. रेहानची मय्यत घेऊन तोच आला होता, उद्या परत निघतो आहे.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. कुवेत म्हणजे सपाट, वाळूचा, नदी नाही, डोंगर नाही, असं मुलांकडून पाठ करून घेतलं. रेहानने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, ‘अब्बा, तुमचं पुस्तक खरं आहे. इथे बादलीभर पाणी ओतलं तर कुठल्या बाजूला वाहायचं हे त्या पाण्याला कळत नाही.’ मग माझा मुलगा डोंगरावर मेला कसा?

काशिफ त्या दिवशी कामावर होता. त्याला विचारलं तर तो पाटीवर एवढंच लिहितो, ‘ग्रुपबरोबर गेला होता, हार्ट.’ रेहानच्या हृदयात वर्षापूर्वी स्टेंट बसवला होता, हे तुम्हाला माहीत असेल. मला तक्रार करायची नाही. काय झालं ते क्रमाने कळावं. मास्तराची खोड आहे, क्रम लागला नाही की मला झोप येत नाही.

आपला,
हमीद परकार


जाब्रिया, कुवेत
१६ फेब्रुवारी २०२४

आदरणीय हमीद गुरुजी,

सादर नमस्कार. तुमचं पत्र काशिफने आणून दिलं. महिनाभर मीच तुम्हाला लिहायचं म्हणत होते, आणि धीर होत नव्हता.

तुमचं पुस्तक चुकलेलं नाही. इथे डोंगर असा नाहीच. शहराच्या उत्तरेला मुतला नावाची लांबलचक धार आहे, दीडशे मीटरसुद्धा उंची नसेल. तिच्या एका टोकाला एक उभा, भुसभुशीत खडक वर आला आहे. आपल्याकडे असता तर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण मी साताऱ्याची. लहानपण गड चढण्यात गेलेल्या माणसाला इथल्या सपाटीत जीव घुसमटल्यासारखा होतो, म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी त्यालाच ‘सुळका’ असं नाव देऊन टाकलं. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी पहाटे निघायचं, तासाभरात चढायचं, वर बसून खायचं. गाडी रेहानची असायची. वाळूतले रस्ते त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. आणि लिंबू पिळलेला कोरा सुलेमानी चहा तर त्याच्याच हातचा.

त्या दिवशी अजय (हा आमच्यातला अनुभवी), सोनल, मी आणि रेहान असे चौघं होतो. हवा छान होती. रेहान खुशीत होता. वर गेलो. वरून कुवेतचा समुद्र दिसतो. तो बराच वेळ समुद्राकडे बघत होता, श्रीवर्धनच्या गोष्टी सांगत होता. उतरल्यावर छातीत दुखतं म्हणाला. अँब्युलन्स बोलावली, पण उपयोग झाला नाही. त्याला फार त्रास झाला नाही, गुरुजी. मनासारखा एक दिवस घालवून तो गेला, असंच मी स्वतःला समजावते. तुम्हीही तसंच समजा.

फरजानाला माझा नमस्कार. मारियाला आशीर्वाद.

तुमची,
चित्रा


श्रीवर्धन
९ मार्च २०२४

चित्राताईंस,

सलाम आणि नमस्कार.

पत्र कुरिअरने मिळालं. सांत्वनाचं पत्र कसं असावं याचा तो नमुना होता, म्हणून मी ते फरजानाला वाचायला दिलं. तिथे माझं चुकलं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसणार, ती सांगतो. स्टेंट बसवल्यानंतर रेहान सुट्टीवर आला, तेव्हा फरजानाने त्याला मारियाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की पुन्हा चढणीवर पाय ठेवणार नाही. आमच्या धर्मात अल्लाखेरीज कशाची शपथ घेऊ नये. मी तेव्हा तसं बोललोही. पण या किनाऱ्यावर हिंदू काय आणि मुसलमान काय, पोरांच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कुणाचा कुणावर विश्वास बसत नाही. आणि ती शपथ मोडली तर त्या पोराला बाधते, हेही सगळेच मानतात.

तुमचं पत्र वाचून तिने पाटीवर लिहिलं, ‘खुशीत चढला. समुद्र बघायला.’ मग पुसून लिहिलं, ‘आमचा विचार आला नाही त्याला.’ त्यानंतर तिने त्याचं नाव घेतलेलं नाही. त्याचे शर्ट मशिदीत देऊन टाकले. नवरा गेल्यावरच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस तिला घरातच बसायचं आहे, आणि ती मारियालाही घरात बसवते आहे. समुद्रावर जायचं नाही, झाडावर चढायचं नाही, शाळेच्या सहलीला नाही. पोरगी शिंकली तरी हिचा चेहरा पांढरा पडतो. मारिया नऊ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. परवा तिने मला पाटीवर विचारलं, ‘दादा, मी कधी मरणार?’

मी ती पाटी पुसली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तेव्हा एकच विचारतो. चढताना रेहान शपथेबद्दल काही बोलला होता का? एखादा शब्द, काहीही. मी ते फरजानाला वाचून दाखवीन.

हमीद परकार


जाब्रिया
२४ मार्च २०२४

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार. पत्र मिळालं. वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही.

रमजानमुळे लॅबच्या वेळा बदलल्या आहेत, संध्याकाळी इफ्तारनंतर पुन्हा जावं लागतं, म्हणून थोडक्यात लिहिते. आमचा शुक्रवारचा ग्रुप आता बंद झाला. अजयने मस्कतला बदली घेतली. सोनल सुपरमार्केटमध्ये दिसली तर दुसऱ्या रांगेतून निघून जाते. सुळक्याकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

शपथेबद्दल नक्की काही आठवत नाही. चढताना दम लागतो, बोलणं फारसं होत नाही. आठवलं तर जरूर कळवीन.

शेजारच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, चांगले खजूर आले होते, ते पाठवते आहे. मारियासाठी एक फ्रॉकही आहे, माप अंदाजाने घेतलं. माझी अंतरा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

फरजानाला सांगा, तब्येत सांभाळ.

चित्रा


श्रीवर्धन
१८ एप्रिल २०२४

चित्राताईंस,

खजूर मिळाले. फ्रॉक मिळाला, दोन बोटं लांब आहे, पुढच्या ईदला होईल. उत्तर मिळालं नाही.

पहिल्या पत्रात तुम्हाला रेहानने पाहिलेला समुद्र आठवत होता, त्याची खुशी आठवत होती. दुसऱ्या पत्रात काहीच आठवत नाही. वर्गात एखादा मुलगा अर्धा धडा घडाघडा म्हणायचा आणि मग गप्प व्हायचा, तेव्हा मी समजायचो की पुढची पानं याने फाडली आहेत.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. काशिफने रेहानचं सामान आणलं होतं. फरजाना त्याला हात लावत नव्हती. ईदनंतर मी आणि मारियाने मिळून ते सोडलं. डोंगर चढायचे बूट त्यात होते, पण पिशवीत बांधलेले, तळ धुतलेले, कोरडे. हॉस्पिटलने दिलेल्या वेगळ्या पिशवीत, त्याच्या अंगावरच्या कपड्यांबरोबर, त्याच्या चपला होत्या. उजवीचा अंगठा तुटलेला. खुशीत डोंगर चढायला निघालेला माणूस बूट खोलीवर ठेवून चपला घालतो का?

त्याचा मोबाइलही होता. मारियाने तो उघडून दिला. त्यात १२ जानेवारीच्या सकाळचा एक फोटो आहे, वेळ आठ वाजून दहा मिनिटं. पिवळा कडा, आणि त्यावर पुढेमागे तीन माणसं, मुंग्यांएवढी. मारियाने बोटांनी मोठा करून दाखवला. एक पुरुष, दोन बायका. तुम्ही तिघं वर आहात आणि फोटो खालून काढलेला आहे. मग तो तुमच्याबरोबर कुठे होता?

फरजानाने मारियाला चौथीच्या परीक्षेला पाठवलं नाही. साधी सर्दी होती. मी भांडलो. मी भांडतो तेव्हा फार मोठ्याने ओरडतो म्हणे, मला ऐकू येत नाही. पोरगी माझ्या ओरडण्याने रडली.

मी सत्तरीच्या पुढे आहे. जे असेल ते मला सोसेल. पण माझा मुलगा लेकीच्या डोक्यावरची शपथ हौसेखातर मोडून गेला, हे मात्र खरं नसेल तर मला ते घरात ठेवायचं नाही.

हमीद परकार


जाब्रिया
१० मे २०२४

आदरणीय गुरुजी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. माझ्या नवऱ्याचं, आलोकचं, म्हणणं, की आता उकरून काय उपयोग. अंतरा इथेच वाढलेली, इंग्रजीतच बोलते. काल तिने जेवताना सरळ विचारलं, ‘आई, डिड यू टेल देम?’ मी नाही म्हटलं. ती ताट घेऊन उठून गेली.

गुरुजी, रेहान त्या दिवशी सुळका चढायला आलाच नव्हता. माथ्यावर तो गेला नाही. समुद्र त्याने पाहिला नाही, तो मी पत्रात घातला.

स्टेंटनंतर तो आमच्याबरोबर यायचा तो फक्त गाडी घेऊन. कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, स्टोव्ह पेटवायचा, आम्ही उतरेपर्यंत चहा आणि अंडी तयार ठेवायची. तिथून सुळक्याचा पायथा चालत पंधरा मिनिटं लांब आहे. त्या दिवशी पाच जण चढणार होते. राजश्री आणि तिचा नवरा ऐनवेळी गळाले. राहिलो आम्ही तिघं.

आणि मी म्हटलं, ‘तिघं नकोत. तीन तिगाडा, काम बिगाडा.’

मी दिवसभर रक्ताचे नमुने तपासते. मशीनवर आकडा आल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. पण आमच्या घरी तिघांनी कधी कुठल्या कामाला जायचं नाही. जावंच लागलं तर आई तिसऱ्याच्या खिशात एक खडा टाकायची, हा चौथा म्हणून. ते माझ्या हाडात मुरलेलं आहे. अजय हसला. सोनल म्हणाली, रेहान आहे की चौथा.

तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, मी चढायचा नाही. मारियाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय.’ म्हणजे शपथेचं मला माहीत होतं, गुरुजी. तुम्ही लिहिण्याच्या आधीपासून माहीत होतं. मी त्याला म्हटलं, ‘चढू नकोस रे. नुसता पायथ्यापर्यंत चल. चौघं मिळून निघालो म्हणजे झालं. पायथा काय डोंगरात धरतात?’ त्याने पुन्हा विचारलं, ‘नाही ना धरत?’ मी म्हटलं नाही. मग त्याने स्टोव्ह बंद केला आणि चपलांवरच आमच्याबरोबर आला. पायथ्याशी एका धोंड्यावर बसला. ‘जा तुम्ही, मी इथून बघतो.’ तो फोटो त्याने तिथून काढला असणार. आम्हाला माहीत नव्हतं.

दोन-तृतीयांश चढलं की एक तिरका खडक आडवा पार करावा लागतो. अजय आणि सोनल पुढे गेले. माझ्या पायाखालचा दगड सुटला. मी पोट खडकाला लावून तशीच चिकटून राहिले. वर जाता येईना, खाली पाय ठेवता येईना. अजय वरून यायला लागला तर दगड माझ्या डोक्यावर घसरू लागले, म्हणून तो थांबला. वाट बघायची, दोर टाकायचा, काहीतरी करता आलं असतं. अजय तसं ओरडून सांगतही होता. पण मी खाली बघितलं, रेहान दिसला, आणि मी त्याला हाक मारली. दोनदा. तो पायथ्याशी नसता, गाडीपाशी असता, तर माझी हाक त्याला ऐकू गेली नसती.

तो आला. माझ्या खालच्या बाजूने आला, माझी टाच हातात धरली आणि एकेका खाचेत ठेवत गेला. ‘ताई, खाली बघू नका. पाय माझ्याकडे द्या. हां, आता दुसरा.’ वीस मिनिटं लागली. खाली पोचल्यावर म्हणाला, ‘झालं.’ आणि त्याच धोंड्यावर बसला. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाला. मला कळलं होतं. त्याचे रिपोर्ट मी पाहिलेले होते, त्यानेच दाखवले होते. आम्ही त्याला उचलून रस्त्यापर्यंत आणलं. अँब्युलन्समध्ये तो गेला. त्याआधी एकदा म्हणाला, ‘फरजानाला सांगू नका.’ मला वाटलं, ती घाबरेल म्हणून म्हणतोय. ती शपथ फरजानानेच घ्यायला लावली होती हे तुमच्या मार्चच्या पत्रातून कळलं, तेव्हा त्याचा अर्थ लागला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ठरवलं, की हौसेने वर आला आणि समाधानाने गेला, असं सांगायचं. अजय म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच सांगावं. त्या चांगल्यात आम्ही तिघं लपलो. तुमचं मार्चचं पत्र वाचूनही मी खजूर पाठवले. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हे पत्र फरजानाला द्या. माझं नाव झाकू नका.

चित्रा


श्रीवर्धन
३० मे २०२४

चित्राताईंस,

पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि ट्रंकेत कुलपात ठेवलं. मला तुमचा फार राग आला. अजून आहे. तेवढ्या माळरानावर तुम्हाला एक खडा मिळाला नाही, माझा मुलगा मिळाला, हे माझ्या डोक्यातून जात नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते माझ्या एकट्याच्या हातातलं नाही, आणि खोटं लिहिण्याने आपल्या दोन घरांत काय होतं ते आपण पाहिलं आहे.

फरजानाचे चार महिने दहा दिवस गेल्या आठवड्यात पुरे झाले. त्यानंतरच्या शुक्रवारी नमाजहून आल्यावर मी दोघींना समोर बसवलं आणि पत्र मोठ्याने वाचलं, पहिल्या अक्षरापासून तुमच्या सहीपर्यंत. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो कुठे अडकला ते सांगता येत नाही. मारियाने दोनदा हात वर करून खूण केली, म्हणजे फार भरभर वाचत असेन. टाच हातात धरण्याचं वाक्य फरजानाने पुन्हा वाचायला लावलं.

वाचून झाल्यावर मारियाने पाटी ओढली. ‘म्हणजे अब्बांनी शपथ मोडली की नाही?’

मी म्हटलं, ‘नाही. चढायला गेला नव्हता, एका माणसाला उतरवायला गेला होता.’ मौलवी असा निकाल देतील की नाही मला ठाऊक नाही. मास्तर म्हणून मी दिला. पोरीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. फरजानाने होकाराची मान हलवली. तेवढं पुरे होतं. मारिया चपला न घालताच पळाली, शेजारच्या खैरुन्निसाच्या मुली समुद्रावर निघाल्या होत्या त्यांच्यामागे. जानेवारीपासून पहिल्यांदा तिला कुणी अडवलं नाही.

मग फरजाना स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं ती रडत असेल, पण मला कसं कळणार? बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, डोळे सुजलेले. रेहानच्या तुटलेल्या अंगठ्याची चप्पल तिने पिशवीतून काढली, पदराने पुसली आणि दाराशी माझ्या चपलांशेजारी ठेवली. नंतर पाटी घेतली. एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. तुमच्याबद्दल काही कडू लिहीत असेल असं मी समजलो, आणि तिने ते लिहावं असंच मला वाटत होतं. शेवटी पाटी माझ्यासमोर ठेवून ती आत गेली.

पाटीवर होतं, ‘त्या बाईंना कुठे लागलं तर नाही ना?’

तुमच्या पत्रात हे कुठे लिहिलेलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून शोधलं. उत्तर मला नको, फरजानाला लिहा. तोपर्यंत आम्ही पाटी पुसलेली नाही. मला काही सांगायचं असलं तर दोघी खडूने भिंतीवर लिहितात.

हमीद परकार